एका कानाची कसोटी

गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्यापुढे एक प्रश्न कायम असतो. गायकाचे शब्द, पेटीचा सूर, पखवाजाची थाप आणि टाळांचा नाद एकाच वेळी चालू असताना यांपैकी प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्याला वेगळी कशी ओळखू येईल? आज याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे वाद्ये बाजूला सरकवणे. पेटी डावीकडे, पखवाज थोडा उजवीकडे, टाळ दोन टोकांना आणि मध्ये गायक. संगणकावर हे काम एक बटण फिरवण्याइतके सोपे आहे. हेडफोन लावून ऐकले की सगळे मोकळे, हवेशीर वाटते.

तेच गाणे मोबाइलच्या एका स्पीकरवर किंवा देवळाच्या कर्ण्यावर लागले की चित्र पालटते. पेटी कुठेतरी बुडते, शब्द गढूळ होतात, टाळ सगळ्यांवर चढतात. पेटीवाल्याचे नाव श्रेयनामावलीत असते, पण पेटी ऐकू येत नाही.

यावर ध्वनिमिश्रणाच्या व्यवसायात एक जुना उपाय आहे. मिश्रण करताना डावी आणि उजवी बाजू एकत्र करायची, म्हणजे मोनो करायची, आणि एकाच स्पीकरवर ऐकायचे. तिथे जे स्पष्ट ऐकू येते ते सगळीकडे स्पष्ट ऐकू येते. वरवर पाहता हा सल्ला उफराटा आहे. वाद्ये वेगळी ऐकू यावीत म्हणून ती एकाच ठिकाणी का कोंबायची? याचे उत्तर कानाच्या रचनेत आणि साध्या बेरीज-वजाबाकीत आहे. ते समजले की ही कसोटी घरच्या खोलीत अभंग रेकॉर्ड करणाऱ्यालाही सहज लावता येते.

एक आवाज दुसऱ्याला झाकतो

मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण हे झाकणे सरसकट नसते, त्याला नियम आहेत. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी १८७६ साली नोंदवले, की खालचा, म्हणजे खर्जातला आवाज वरच्या आवाजाला पुसून टाकू शकतो, पण वरचा आवाज खालच्याला तसा पुसू शकत नाही. पुढे १९२४ मध्ये बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील वेगल आणि लेन यांनी याची पद्धतशीर मोजमापे केली. या परिणामाला आपण ‘झाकोळ’ म्हणू.

झाकोळ होतो तो आतल्या कानात. तिथे गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत एक लांब पडदा असतो. वरचे स्वर त्याच्या सुरुवातीला आणि खालचे स्वर शेवटाकडे कंप निर्माण करतात. खालच्या स्वराची लाट शेवटापर्यंत जाताना वाटेतला भाग हलवतच जाते, म्हणून ती वरच्या स्वरांची जागा अडवते. शिवाय दोन आवाज कंपनसंख्येने फार जवळ असले तर ते पडद्याच्या एकाच भागावर दाटी करतात आणि त्यांतला मोठा जिंकतो. ज्या पट्ट्यात ही दाटी होते त्याला हार्वी फ्लेचर यांनी १९४० मध्ये ‘क्रिटिकल बँड’ हे नाव रूढ केले.

आता अभंगाकडे पाहा. पेटी गायकाच्याच सुरात, बहुतेक वेळा त्याचीच ओळ वाजवते. म्हणजे मूळ स्वर एक आणि त्याच्या वरचे उपस्वरही त्याच ठिकाणी. दोघांची दाटी जवळजवळ संपूर्ण आहे. पखवाजाची धूम खालून वर पसरते. टाळांचा नाद ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांच्या उंच पट्ट्यात राहतो. आपल्या भजनी मेळ्यात झाकोळाला पोषक अशी सगळी परिस्थिती मुळातच असते. तरी प्रत्यक्ष समोर बसून ऐकताना ते खटकत नाही. का?

दोन कानांची उसनवारी

कारण समोर बसलेल्याला दोन कान असतात आणि वादक वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात. डावीकडून येणारा आवाज डाव्या कानात थोडा आधी आणि थोडा मोठा पोचतो. मेंदू या बारीक फरकांवरून आवाजांची विभागणी करतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये याचा अभ्यास केला, तेव्हापासून गर्दीत एकाच माणसाचे बोलणे वेचून ऐकण्याच्या या क्षमतेला ‘कॉकटेल पार्टीचा प्रश्न’ म्हणतात. लग्नाच्या पंगतीत आपण हेच करत असतो.

ही मदत किती मोठी असते? १९४८ मध्ये आयरा हर्श आणि जे. सी. आर. लिकलायडर यांचे या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. दोन्ही कानांत सारखाच खरखराट सोडायचा आणि त्यात एक बारीक स्वर लपवायचा. स्वर दोन्ही कानांत सारखा असेल तर तो खरखराटात बुडतो. पण एका कानात त्या स्वराची लाट उलटी केली, म्हणजे तिथे चढ असताना इथे उतार, तर तोच बुडालेला स्वर एकदम वर येतो. खालच्या स्वरांच्या बाबतीत हा फायदा सुमारे १२ ते १५ डेसिबलपर्यंत जातो. १५ डेसिबल म्हणजे ऊर्जेच्या भाषेत तीसपटींहून अधिक.

या लेखाचा गाभा इथेच आहे. उलट्या लाटांचा स्वर दोन कानांना सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. पण त्याच दोन लाटा एका स्पीकरसाठी एकत्र केल्या तर काय होईल? चढ आणि उतार यांची बेरीज शून्य. हेडफोनवर जो सर्वांत उठून दिसत होता, तोच स्वर मोनोमध्ये पूर्ण नाहीसा होतो.

म्हणून स्टिरिओतली स्पष्टता ही काही अंशी उसनी असते. ती गाण्यात नसते, ऐकणाऱ्याच्या दोन कानांमध्ये तयार होते. ऐकणारा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसला असेल किंवा त्याने हेडफोन लावले असतील, तरच ती मिळते. तो स्वयंपाकघरात असेल, फोन टेबलावर पालथा ठेवला असेल किंवा त्याचा एक कान काम करत नसेल, तर ही उसनवारी संपते. मग उरते ती फक्त गाण्याच्या आतली स्पष्टता.

बेरीज आणि वजाबाकी

स्टिरिओची कल्पना मांडणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत होते. इंग्लंडमधील ईएमआय कंपनीचे अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाची तालीम त्यांनी या पद्धतीने मुद्रित केली. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान झालेल्या विमान अपघातात ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३८ होते. त्यांच्या कामातली मध्यवर्ती युक्ती अशी, की डावा आणि उजवा या दोन आवाजांकडे ‘बेरीज’ आणि ‘फरक’ म्हणूनही पाहता येते. बेरीज म्हणजे दोघांत समान असलेले, फरक म्हणजे दोघांना वेगळे करणारे.

पुढची सगळी यंत्रणा याच पायावर उभी राहिली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या आल्या. त्यांच्या खाचेत सुईची आडवी हालचाल म्हणजे बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे फरक. खर्जात फरक फार असला तर सुई खाचेतून उडण्याची भीती, म्हणून तबकडी कापणारे खालचे स्वर मध्यभागी आणत. १९६१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या एफएम स्टिरिओतही मुख्य लहरीवर बेरीज जाते आणि फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर स्वार होऊन वेगळा जातो. साध्या मोनो रेडिओला फक्त बेरीज कळते. सिग्नल क्षीण झाला की बरेच स्टिरिओ रेडिओही खरखर टाळण्यासाठी फरक सोडून बेरजेवर येतात.

बेरीज केल्यावर तीन गोष्टी घडतात.

पहिली, तोल बदलतो. मध्यभागी ठेवलेला आवाज दोन्ही बाजूंना असल्यामुळे तो बेरजेत वाढतो. पूर्ण कडेला ठेवलेला आवाज एकाच बाजूला असल्यामुळे वाढत नाही. मिश्रणाच्या नेहमीच्या मांडणीत मधला आवाज कडेच्या आवाजापेक्षा सुमारे ३ डेसिबलने वर येतो. म्हणजे गायक पुढे येतो आणि डावीकडे टोकाला बसवलेली पेटी मागे जाते.

दुसरी, काही आवाज एकमेकांना खोडतात. पखवाजाच्या दोन तोंडांना दोन माइक लावले आणि एका माइकच्या तारेत दोन टोकांची अदलाबदल झाली असेल, तर थापेची लाट एका बाजूला चढती आणि दुसऱ्या बाजूला उतरती नोंदली जाते. तार बरोबर असली तरी एका तोंडावर थाप पडताना दुसरे तोंड आतल्या हवेने बाहेर ढकलले जाते, त्यामुळे असा विरोध आपोआपही येऊ शकतो. दोन्ही माइक दोन टोकांना ठेवून स्टिरिओत ऐकले तर पखवाज फक्त जरा ‘रुंद’ वाटतो. मोनो केले की त्याची धूम निघून जाते आणि नुसती टकटक उरते.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे, कारण ती थोडे थोडे खाते. तबल्याला एक माइक आणि डग्ग्याला एक, अशी मांडणी आपल्याकडे नेहमीची आहे. तबल्याचा आवाज डग्ग्याच्या माइकपर्यंतही पोचतो, पण थोडा उशिरा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन माइकपर्यंतच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर दुसरी लाट एक मिलिसेकंद मागे पडते. ५०० हर्ट्झच्या स्वराला एवढ्या वेळात अर्धी फेरी होते, म्हणजे चढाच्या जागी उतार येतो. मग ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, तसाच १५०० ला, २५०० ला. आलेख काढला तर तो कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. तबल्याच्या उपस्वरांची सुरेल रचना हे त्याचे वैशिष्ट्य आहे, आणि सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला होता. या कंगव्याचे दात नेमके त्या उपस्वरांतून फिरतात. दुसऱ्या माइकमध्ये तबल्याचा आवाज जितका कमी, तितके हे खड्डे उथळ. म्हणून दोन माइकमधले अंतर हे प्रत्येक माइक आणि वाद्य यांतल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवावे, असा जुना संकेत आहे.

हाच कंगवा कधी मुद्दामही तयार केला जातो. एकाच वाद्याची प्रत काढून ती दुसऱ्या बाजूला १० ते ३० मिलिसेकंद उशिरा वाजवली की वाद्य पसरट, भव्य वाटते. आधी येणाऱ्या आवाजावरून कान दिशा ठरवतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये गॉटिंगेन येथील प्रबंधात तपशीलवार दाखवले, म्हणून ही युक्ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. १० मिलिसेकंदांचा उशीर असेल तर बेरजेत ५०, १५०, २५० असे दर १०० हर्ट्झवर खड्डे पडतात. भव्य पेटी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी होते. कीबोर्डवरील अनेक तयार ‘स्टिरिओ’ सुरांतही असाच प्रकार भरलेला असतो.

या सगळ्याची उलट बाजू बहुतेकांनी ऐकलेली आहे. जुन्या गाण्यातून गायकाचा आवाज काढून कराओके बनवणारी साधी यंत्रे डाव्यातून उजवे वजा करत. गायक मध्यभागी असल्यामुळे तो वजाबाकीत जातो आणि कडेचे उरते. मोनोमध्ये बरोबर याच्या उलट घडते. मधले सगळे उरते, विरुद्ध लाटांचे जाते.

मोनोच्या काळातली शहाणीव

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. पुढे वर्षभर ५६ गीते घराघरांत ऐकली गेली. ती गेली एका वाहिनीवरून, मध्यमलहरींवरून आणि एकाच स्पीकरच्या रेडिओतून. उंच स्वर त्या वाटेने फारसे पोचतच नसत. तरीही लोकांनी ऐकून गीते लिहून घेतली, पाठ केली. कथाच शब्दांत होती, म्हणून शब्द कळणे ही पहिली अट होती. जे वाद्य शब्दाच्या आड येईल त्याला गप्प राहावे लागे. बाजूला सरकवून सुटका करून घेण्याची सोयच नव्हती.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हेच दिसते. स्टिरिओ येण्यापूर्वी मोठा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी, मोजक्या माइकवर, मोनोत मुद्रित होत. इतकी वाद्ये असूनही ती गाणी गढूळ वाटत नाहीत, याचे बरेचसे श्रेय संयोजकांना जाते. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट असे अनेक जण गोव्याचे होते. तिथल्या चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून आलेल्या या पिढीने वाद्यांना वेगवेगळी सप्तके आणि वेगवेगळ्या वेळा वाटून दिल्या. गायक ओळ म्हणत असताना व्हायोलिने लांब स्वर धरतात आणि ओळ संपली की बासरी येऊन मोकळी जागा भरते. झाकोळाचा सिद्धांत न मांडता त्यांनी तो टाळला. आवाजांची विभागणी जागेवर झाली नव्हती, ती वेळेवर आणि सप्तकावर झाली होती.

पाश्चात्त्य देशांतही १९६० च्या दशकात मोनो हाच मुख्य प्रकार होता. अ‍ॅबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमचे मोनो मिश्रण त्यांनी स्वतः लक्ष घालून, स्टिरिओपेक्षा कितीतरी अधिक वेळ देऊन केले. ‘बीच बॉइज’चे ब्रायन विल्सन यांनी १९६६ चा ‘पेट साउंड्स’ मोनोत पूर्ण केला. त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते. ज्या अल्बमच्या वाद्यसंयोजनाचा आजही अभ्यास होतो, तो एका कानाने ऐकणाऱ्याने घडवला आणि त्याचे खरे स्टिरिओ मिश्रण १९९० च्या दशकात झाले. एका कानाला स्पष्ट झालेले गाणे दोन कानांना स्पष्ट होतेच. उलटे नेहमी घडत नाही.

स्टिरिओ सर्वत्र रुळल्यावरही स्टुडिओत मोनोची सवय टिकली. ऑराटोन नावाचा लहान चौकोनी स्पीकर, ज्यात खर्जही नाही आणि झळाळीही नाही, जगभरच्या मिश्रण टेबलांवर जाऊन बसला. ब्रूस स्वीडियन यांच्यासारखे ध्वनिमुद्रक मोठमोठे स्पीकर हाताशी असताना या डबीवर तोल तपासत.

प्रत्यक्ष कसे करावे

लहान स्टुडिओंतून तयार होणारे भजन, कीर्तन आणि भावगीत यांचे मुद्रण मी बरीच वर्षे ऐकत आणि तपासत आलो आहे. त्या अनुभवातून मला उपयोगी वाटलेला क्रम असा.

मोनो करण्यासाठी मिश्रणाच्या मुख्य वाहिनीवरचे ‘मोनो’ बटण वापरावे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते असते. डावी-उजवी तार एकत्र पिळून जोड करू नये, त्याने यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या जोडांवर ताण येतो. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी मोबाइलच्या सेटिंगमध्ये, सुलभतेच्या विभागात ‘मोनो ऑडिओ’ शोधावे. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत ही सोय एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी दिलेली आहे.

ऐकताना एकच स्पीकर चालू ठेवावा. दोन स्पीकरवर सारखाच आवाज सोडला तर प्रत्येक कानाला जवळचा आवाज आधी आणि लांबचा थोडा नंतर मिळतो. त्यातून २००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि तो भाग शब्दांच्या स्पष्टतेसाठी फार महत्त्वाचा असतो. आवाज हळू ठेवावा, शेजारी बसलेल्याशी सहज बोलता येईल इतका. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी जाणवतो. मग थापेचा दणका भुरळ पाडत नाही आणि मधल्या पट्ट्यातली गर्दी उघडी पडते.

सुरुवात फक्त पातळीने करावी. आधी गायक, मग पखवाज. दोघांचा तोल जमल्यावर टाळ आणावेत आणि ‘स’, ‘श’ ऐकू येईनासे होण्याआधी थांबावे. टाळ तरीही बोचत असतील तर पुढच्या वेळी माइक लांब ठेवावा. जवळच्या माइकमधली ती धार नंतर काढणे कठीण जाते.

पेटी सर्वांत शेवटी आणावी, कारण तिचीच खरी परीक्षा आहे. पातळी वाढवली की शब्द जातात, कमी केली की पेटी जाते, अशा जागी आपण येऊन थांबतो. इथे स्टिरिओचा मोह होतो, तो टाळावा. आधी पेटीच्या मधल्या पट्ट्यातून, साधारण १००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान, २-३ डेसिबल कमी करून पाहावे. अनेकदा तेवढ्याने शब्द वर येतात आणि पेटीही वेगळी ऐकू येते. वाढवण्यापेक्षा कमी करणे केव्हाही बरे. वाढवलेला प्रत्येक पट्टा दुसऱ्या कोणाला तरी झाकतो.

एवढ्याने भागले नाही तर दोष मिश्रणात नसून वाजवण्यात आहे, असे समजावे. हे मोनो स्पष्टपणे सांगते, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा उपयोग. गायक गात असताना पेटीवाल्याने कपलर काढावा, खर्जाच्या सुरांचा स्टॉप बंद ठेवावा, ओळ अर्धे पाऊल मागून घ्यावी आणि ओळींच्या मधल्या जागेत मोकळे व्हावे. चांगले साथीदार बैठकीत हेच करतात. गायकाला जागा देणे आणि आपली जागा राखणे, याला आपण साथ म्हणतो. मिश्रणाचे बटण त्या साथीची जागा घेऊ शकत नाही.

खोडाखोडी तपासण्यासाठी ज्या वाद्याला दोन माइक आहेत त्यातल्या एकाची लाट उलटी करून पाहावी. बटणावर गोलातून तिरपी रेघ गेलेले चिन्ह असते. मोनोमध्ये ज्या स्थितीत वाद्य अधिक भरदार वाटेल ती ठेवावी. सॉफ्टवेअरमध्ये ‘कोरिलेशन’ मीटर असेल तर काटा अधिक एककडे म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, शून्यावर म्हणजे असंबद्ध आणि उणेकडे म्हणजे खोडाखोड चालू. क्षणभर उणेकडे गेल्याने काही बिघडत नाही. तो तिथेच रेंगाळत असेल तर कारण शोधावे.

एवढे झाल्यावर मग स्टिरिओ करावे आणि वाद्ये पसरावीत. या वेळी पसरणे सुटका म्हणून नसते, सजावट म्हणून असते. ज्याची पातळी आणि पट्टा आधीच ठरला आहे ते वाद्य थोडेसे सरकवले तरी पुरते. शेवटी पुन्हा एकदा मोनो. फरक जाणवेल, पण काहीही नाहीसे होता कामा नये.

कसोटीच्या मर्यादा

मोनो ही कसोटी आहे, ध्येय नव्हे. दिवाणखान्यात दोन स्पीकरसमोर बसून ऐकण्याचा आनंद खरा आहे आणि तो कोणाकडूनही काढून घेण्याचे कारण नाही. बेरजेत काही गोष्टी कमी होणारच. सभागृहाचा घुमारा दोन्ही बाजूंना वेगवेगळा मुद्रित झालेला असतो, म्हणून मोनोमध्ये तो मधल्या आवाजाच्या मानाने सुमारे ३ डेसिबल मागे पडतो. गाणे थोडे कोरडे वाटेल. एवढ्यावरून घुमारा वाढवत बसलो तर हेडफोनवाल्याला गाणे विहिरीतून आल्यासारखे वाटेल.

शिवाय प्रत्येक गोष्ट वेगळी ऐकू यायलाच हवी, असाही हट्ट नको. दोन तंबोऱ्यांचा नाद एकमेकांत मिसळूनच तंबोऱ्यांचा होतो. साथीच्या आवाजांतला प्रत्येक जण वेगळा ओळखू आला तर ते समूहगान राहत नाही. काय वेगळे राहावे आणि काय मिसळावे हे गाणे ठरवते. आपण ठरवले तसे झाले आहे का, एवढेच मोनो तपासते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अनेक मंडपांत लॅपटॉपची एकच बाजू अँप्लिफायरला जोडलेली असते. तिथे बेरीजसुद्धा होत नाही, दुसरी बाजू थेट गळून पडते. टोकाला नेऊन बसवलेले वाद्य त्या गावाला कधीच ऐकू येणार नाही. महत्त्वाचे वाद्य पूर्ण कडेला न ठेवण्याचे हे पुरेसे कारण आहे.

ज्याच्याकडे महागडे हेडफोन आणि शांत खोली आहे, त्याच्यापर्यंत गाणे कसेही पोचते. शेतातल्या खिशातल्या फोनवर अभंग ऐकणाऱ्या माणसापर्यंत आणि वयानुसार एक कान गेलेल्या आजीपर्यंत ते पोचेल की नाही, हे मिश्रण करणाऱ्याच्या हातात असते. त्या दोघांना शब्द कळावेत आणि मागे कोणी पेटी धरली आहे हेही कळावे, यासाठी एक बटण दाबून काही मिनिटे हळू आवाजात ऐकावे लागते. पेटीवाल्याचे नाव छापणे सोपे असते. त्याची पेटी ऐकू येईल याची खात्री करून घेणे हेही त्याच कामाचा भाग आहे.